गप्प बसल्यावर आतून जे येतं, ते शहाणपण की भीती?

कोरापाट
मौन-चिंतनावरचे बहुतेक लेख 'शांत बसा, उत्तर आतूनच मिळेल' इथवर आणून सोडतात. माझा प्रश्न त्याच्या पुढचा आहे. समजा एखादा निर्णय अडलाय. नोकरी सोडायची का, भावाशी तुटलेलं बोलणं पुन्हा सुरू करायचं का, असलं काही. माणूस रोज अर्धा तास गप्प बसतो आणि दहाव्या दिवशी आतून एकदम स्वच्छ काहीतरी येतं. ते शहाणपण, की भीती, की जे आधीपासून हवंच होतं तेच, हे ओळखायचं कसं? तिघंही आपल्याच आवाजात बोलतात.

जोडप्रश्न: बसायचं किती वेळ? बसल्यावर त्या प्रश्नाचा विचार करायचा की मुद्दाम टाळायचा? लिहून ठेवायचं का?

अध्यात्म, मानसशास्त्र, काहीही चालेल. 'ज्याचा त्याने अनुभव घ्यावा' हे उत्तर मात्र नको, ते पाठ आहे.

तिरकी_चाल
मौनाच्या धाग्यावर पहिला प्रतिसाद द्यायला धावत आलोय, यावरून माझी पात्रता समजून घ्या. चटई टाकून बसलोय, चालू द्या.

मुद्द्याचं_बोला
जोडप्रश्नांपासून सुरू करते, कारण मूळ प्रश्नाचा अर्धा गुंता तिथेच आहे.

वेळ २० ते ३० मिनिटं. पहिली आठ-दहा मिनिटं दिवसभराचा गाळ वर येण्यातच जातात. दहाव्या मिनिटाला उठलात तर नुसता गाळ बघून उठता. उलट पहिल्याच आठवड्यात ४५ मिनिटं धरून बसलात तर शेवटची वीस मिनिटं चिंतन गुडघ्याचं होतं.

मांडी घालणार असाल तर बूड गुडघ्यांपेक्षा वर हवं. जाड ब्लँकेटची घट्ट घडी करा, साधारण १० ते १५ सेंटिमीटर उंच. दोन्ही गुडघे जमिनीला टेकले पाहिजेत. ते हवेत राहिले की कंबर मागे कलंडते, पाठीला बाक येतो, श्वास वरवरचा होतो आणि डुलकी लागते. तिलाच पुष्कळ जण 'खोल शांतता' समजतात. खुर्ची असेल तर तिच्या पुढच्या अर्ध्या भागावर बसा, पाठ टेकू नका, तळपाय पूर्ण जमिनीवर. पायाला मुंग्या आल्या तर पाय हलवा. नस दबलेली असते, कुंडलिनी नसते.

प्रश्न बसण्याआधी एका ओळीत कागदावर लिहा. 'मी काय करू?' हा प्रश्न नाही, उसासा आहे. 'जूनच्या आत राजीनामा द्यायचा का?' हा प्रश्न. लिहिला की कागद पालथा घाला आणि लक्ष श्वासावर. प्रश्न मनात आला तर येऊ द्या, आपण होऊन उकरायचा नाही. उठल्याबरोबर पाच मिनिटं न खोडता लिहा. फोन दुसऱ्या खोलीत, वेळेसाठी साधं गजराचं घड्याळ. पालथा ठेवलेला फोनही फोनच असतो.

शंकेखोर
सपशेल असहमत. प्रश्न लिहून बसलात की ती मनाबरोबर घेतलेली मीटिंग झाली. मन लबाड आहे, त्याला विषयपत्रिका दिली की ते वीस मिनिटांत ठराव मंजूर करून आणतं. गप्प बसणं आणि निर्णय घेणं यांची गाठ मारूच नये.

पोथी_उघडी
दोघांचंही बरोबर आहे, फक्त दोघं वेगवेगळ्या कामांबद्दल बोलताय. 'चिंतन' या एका शब्दात आपण तीन कामं कोंबतो. बृहदारण्यक उपनिषदात याज्ञवल्क्य मैत्रेयीला श्रवण, मनन आणि निदिध्यासन असं वेगवेगळं सांगतो. श्रवण म्हणजे समोर जे आहे ते नीट ऐकून घेणं. मनन म्हणजे त्यावर शंका काढणं, उलटसुलट तपासणं. इथे डोकं चालवायचंच असतं. वेदान्तात म्हणतात की मननाने 'असंभावना' जाते, म्हणजे 'हे असं कसं असेल?' ही शंका. निदिध्यासनाने 'विपरीत भावना' जाते, म्हणजे पटलेलं असूनही जुन्या वळणाने उलटंच मानत राहणं.

आता अडलेल्या निर्णयाला हे लावून बघा. राजीनाम्याचा प्रश्न असेल तर शिल्लक किती, कर्जाचे हप्ते किती, नव्या जागी नेमकं काय काम, हे श्रवण. त्याची चिरफाड हे मनन. हे दोन्ही न करता थेट डोळे मिटले तर आत काही शिजत नाही, नुसतं रिकामं भांडं तापतं.

मौनाचंही तसंच. योगवासिष्ठात चार प्रकार आहेत: वाङ्मौन, अक्षमौन, काष्ठमौन आणि सुषुप्तमौन. पहिलं तोंडाचं, दुसरं इंद्रियांचं, तिसरं लाकडासारखं, हालचालसुद्धा नाही. ही तिन्ही जोर लावून पाळायची. चौथं जोर न लावता असतं आणि वसिष्ठ पसंती देतात ती त्यालाच. गीतेच्या सतराव्या अध्यायात मौन वाणीच्या तपात घातलेलंच नाही, मनाच्या तपात घातलंय (१७.१६). आणि हातपाय आवरून मनात विषय चघळत बसणाऱ्याला तिसऱ्या अध्यायात सरळ 'मिथ्याचार' म्हटलंय (३.६).

तिरकी_चाल
म्हणजे तोंड बंद ठेवून दोन्ही अंगठ्यांनी फोनवर भांडणारे चारांपैकी कशात बसतात? की पाचवं 'अंगुष्ठमौन' काढायचं?

घुंगुरवाळा
हहपुवा (हसून हसून पुरेवाट). पण खुणा-चिठ्ठ्या चालतात का, हा वाद खरंच जुना आहे. मेहेरबाबांचं मौन १० जुलै १९२५ पासून १९६९ मध्ये देह ठेवेपर्यंत चाललं. त्यात पुष्कळ वर्षं ते अक्षरफळ्यावर बोट फिरवून बोलत आणि १९५४ मध्ये फळा सोडल्यावर हाताच्या खुणांनी. गांधीजी सोमवारी मौन पाळत आणि गरजेपुरत्या चिठ्ठ्या लिहीत. विपश्यनेच्या दहा दिवसांच्या शिबिरात मात्र 'आर्य मौन': खुणा नाहीत, चिठ्ठ्या नाहीत, वाचन-लेखनही नाही. आचार्यांना साधनेबद्दल आणि व्यवस्थापकांना अडचणीबद्दल विचारता येतं, बस. मौन सुटतं ते दहाव्या दिवशी, म्हणजे घरी जायच्या आधी माणूस पुन्हा बोलण्यात रुळतो.

आपल्यापुरतं बघायचं ते हेतू. घसा आणि शक्ती वाचवायची असेल तर चिठ्ठी चालेल. मनाचा कानोसा घ्यायचा असेल तर चिठ्ठीसाठी डोक्यात वाक्य जुळवणं हे बोलणंच झालं.

मुद्द्याचं_बोला
@घुंगुरवाळा, मग उठल्यावर लिहायचं की नाही? त्या शिबिरात लिहिणं बंद असतं म्हणून लोक घरीही लिहीत नाहीत, आणि तासाभरात सगळं पुसलं जातं.

घुंगुरवाळा
दोन्हींचं काम वेगळं. तिथे संवेदना बघत समता राखायची असते, निर्णय काढायचा नसतो. पहिले तीन दिवस तर फक्त आनापान, नाकपुड्यांजवळचा श्वास. तिथले नियम राजीनाम्याच्या प्रश्नाला लावायचे कशाला? बसताना लिहू नका, उठल्यावर लिहा.

मोजपट्टी
'आत डोकावणं' माणसाला किती जड जातं याचा एक गाजलेला प्रयोग आहे. टिमोथी विल्सन आणि सहकारी, २०१४. लोकांना १५ मिनिटं रिकाम्या खोलीत विचारांबरोबर बसवलं. हाताशी एकच बटण, दाबलं की विजेचा सौम्य झटका. हा झटका टाळायला आम्ही पैसेसुद्धा देऊ, असं याच लोकांनी आधी सांगितलं होतं. तरी १८ पुरुषांपैकी १२ जणांनी आणि २४ बायकांपैकी ६ जणींनी एकदा तरी स्वतःला झटका देऊन घेतला. एका गृहस्थाने १९० वेळा.

म्हणून पहिल्या आठवड्यात 'मला हे जमत नाही' असं वाटलं तर त्यात वैयक्तिक दोष शोधू नका.

दुसरं, चिंतन आणि रवंथ यांत फरक आहे. सुझन नोलेन-होक्सेमा यांनी या रवंथावर बरंच काम केलं. त्याच त्या दुःखाभोवती 'असं का झालं, माझंच का' करत फिरत राहण्याने उदासी लांबते. ओळखायची साधी खूण म्हणजे उठल्यावर लिहिलेलं कालच्या पानाशी ताडून बघा. तीन दिवस ओळीच्या ओळी त्याच असतील तर ते चिंतन नाही, चक्कर आहे. तेव्हा 'का' सोडून 'काय' विचारा. 'तो असं का बोलला?' याऐवजी 'त्याच्या बोलण्यातलं नेमकं काय लागलं?' पहिल्यातून खटला उभा राहतो, दुसऱ्यातून माहिती निघते.

तिरकी_चाल
१९० वाले गृहस्थ भेटले तर त्यांना कुठल्यातरी समितीवर घ्या. कंटाळ्याविरुद्ध इतका चिवट लढा दुसरा कोणी दिला नसेल.

तळमजला
मूळ प्रश्नाला हात घालतो. युजीन जेंडलिन शिकागो विद्यापीठात मानसशास्त्रज्ञ कार्ल रॉजर्स यांच्याबरोबर काम करत असताना त्यांच्या गटाने समुपदेशनाच्या ध्वनिफिती ऐकल्या. ज्यांच्यात फरक पडायचा ते लोक बोलता बोलता अडखळायचे, शब्द शोधायचे, 'नाही, तसं नाही...' म्हणत थांबायचे. सफाईदार बोलणारे बहुधा होते तिथेच राहायचे. यातून त्यांनी 'फोकसिंग' नावाची पद्धत बांधली. टप्पे सहा, पण ते मोजत बसू नका, ओघ पकडा.

आधी डोक्यातले सगळे विषय एकेक करून बाजूला मांडायचे, जसं पसारा आवरताना वस्तू भिंतीशी लावतात. सोडवायचे नाहीत, नुसते मांडायचे. मग त्यातला एक घ्यायचा आणि लक्ष गळा ते पोट या पट्ट्यात ठेवायचं. त्या संपूर्ण भानगडीचा शरीरात एक धूसर ठसा जाणवतो. राग, भीती अशी नावाची भावना वेगळी, हा त्यामागचा अस्पष्ट गोळा. लोक इथेच घाई करतात. तो उमटायला अर्धा मिनिट, कधी दोन मिनिटं लागतात आणि तेवढ्यात मन स्पष्टीकरण ठोकून देतं.

मग त्याला शब्द लावून बघायचा. समजा नोकरीचा विषय घेतला. 'भीती'? आत काही हलत नाही. 'दडपण'? थोडं जवळ, पण नाही. 'अडकलेपण'? नाही. 'कोणीतरी बघतंय असं'... आणि इथे श्वास आपोआप सुटतो, खांदे उतरतात. शब्द बसला. तो परत ठशाला लावून खात्री करायची, आणि मग त्यालाच विचारायचं: यात इतकं बघितलं गेल्यासारखं काय आहे? उत्तर डोक्याने द्यायचं नाही, थांबायचं. शेवटी जे आलं ते कितीही चमत्कारिक असलं तरी लगेच मोडीत काढायचं नाही.

डोक्याने दिलेलं उत्तर झटक्यात येतं, पूर्ण वाक्यात येतं आणि शरीर होतं तसंच राहतं. त्यापेक्षा खालून आलेलं उत्तर चाचपडत येतं आणि सोबत सैलपणा आणतं.

शंकेखोर
छातीत घट्ट वाटणं हे शहाणपण की पित्त, हे कोण ठरवणार? शरीर भीतीलाही तितकंच इमानदारीने साथ देतं. आणि सैलपणाचं काय घेऊन बसलात, 'चला, टाळू या' असं ठरवलं की सगळ्यात जास्त सैल वाटतं!

तळमजला
रास्त. म्हणून तो पुरावा नाही, खूण आहे. टाळल्याचा सैलपणा बाहेरची गोष्ट रद्द केल्याने येतो, आपण सहलीला नाही म्हटल्यावर येतो तसा. शब्द बसल्याचा सैलपणा काहीही न ठरवता येतो, प्रश्न जागच्या जागीच असतो. आधी हा फरक बघा. ठरवल्यानंतर हायसं वाटलं असेल तर त्याला शून्य गुण द्या.

शंकेखोर
हे मान्य. चक्क मान्य.

कानोसा
अवांतर, पण कामाचं. ज्यांचे कान वाजतात त्यांना अगदी शांत खोलीत तो आवाज मोठा वाटतो आणि चिडचिड होते. त्यांनी पंख्याचा किंवा वाहत्या पाण्याचा एकसारखा हलका आवाज चालू ठेवावा. शून्य आवाज हा काही आदर्श नाही. संगीतकार जॉन केज हार्वर्डच्या ध्वनिशोषक खोलीत गेले तेव्हा त्यांना दोन आवाज ऐकू आले, एक बारीक, एक खर्जातला. दोन्ही त्यांच्या स्वतःच्या शरीराचे आहेत, असं त्यांना सांगण्यात आलं. पुढे १९५२ मध्ये त्यांनी साडेचार मिनिटांची ती रचना दिली, ज्यात वादक काहीच वाजवत नाही.

तिरकी_चाल
तिची तालीम किती वेळ चालायची हो?

मठाबाहेरची
शंकेखोर यांनी काढलेला मुद्दा पावणेपाचशे वर्षांपूर्वीही निघाला होता. ख्रिस्ती संत इग्नेशियस लोयोला यांची तीस दिवसांची आध्यात्मिक साधना १५४८ मध्ये पोपनी मान्य केली. तिच्यात 'हे कुठून आलं' ओळखायचे नियमच दिलेत. श्रद्धा बाजूला ठेवून वापरता येतील असे तीन सांगते.

एक, मन कोरडं, उदास, उखडलेलं असताना आधीचा निर्णय बदलायचा नाही. भरल्या मनाने जे ठरवलं होतं त्यावरच राहायचं.

दुसरा नियम या धाग्यासाठी सोन्यासारखा आहे. कधी अचानक, कारण नसताना मन भरून येतं, काहीतरी लख्ख दिसतं. तो क्षण एक, आणि त्यानंतरची ऊब वेगळी. त्या उबेत आपण आपलेच बेत, आपलीच गणितं त्याच्या नावावर खपवतो. म्हणून कागदाच्या मधोमध रेघ मारा. डावीकडे बसलेलं असताना आलं तेवढंच, बहुधा ते अर्धं वाक्य असतं. उजवीकडे उठल्यानंतर त्याला जोडलेलं. 'आईशी बोल' हे डावीकडे. 'म्हणजे रविवारी जाऊन तो जमिनीचा विषयही काढून टाकू' हे उजवीकडे.

तिसरा, ज्याला कधी पाहिलं नाही अशा माणसाचा नेमका हाच प्रश्न असता तर त्याला काय सांगितलं असतं?

मोजपट्टी
तिसऱ्याला प्रयोगाचा आधार आहे. ग्रॉसमन आणि क्रॉस, २०१४: माणसं दुसऱ्याच्या अडचणीबद्दल जास्त शहाणपणाने विचार करतात, स्वतःच्या बाबतीत तेच शहाणपण गळतं. स्वतःकडे त्रयस्थासारखं बघायला लावलं की ही तफावत जाते. 'मी काय करू' ऐवजी स्वतःचं नाव घेऊन 'अमक्याने आता काय करावं' असं लिहा. पहिल्यांदा वेड्यासारखं वाटतं.

दिवा_बारीक
एकट्याने बसून तेच तेच निघत असेल तर क्वेकर या ख्रिस्ती पंथाच्या लोकांची रीत बघा. त्यांच्यात सामूहिक मौन असतंच, शिवाय अडलेल्या माणसासाठी पाच-सहा जण दोनेक तास बसतात. सतराव्या शतकात ही पद्धत लग्नाला संमती देण्याआधी वापरत. नियम कडक आहे: सल्ला नाही, 'माझ्या वेळी' नाही, फक्त प्रश्न, आणि दोन प्रश्नांमध्ये भरपूर शांतता. 'तू समुपदेशकाकडे का जात नाहीस?' हा प्रश्न नाही, प्रश्नचिन्ह लावलेला सल्ला आहे. 'यातलं कुठलं वाक्य बोलताना आवाज खाली गेला?' हा प्रश्न. विचारणाऱ्याला उत्तर आधीच माहीत असेल तर त्याने विचारूच नये.

तिरकी_चाल
पाच माणसं, दोन तास, आणि एकही सल्ला नाही? मराठी शाखा निघणं कठीण आहे.

सावध_पाऊल
एक गोष्ट अजून कोणी लिहिली नाही. तीव्र नैराश्य चालू आहे, मोठा मानसिक आघात होऊन गेलाय, पूर्वी भास झालेत किंवा मनोविकाराच्या गोळ्या चालू आहेत, अशांनी लांबलचक मौनात एकदम उडी घेऊ नये आणि शिबिरासाठी गोळ्या मनाने बंद करू नयेत. डॉक्टरांना विचारा आणि फॉर्मवर खरं लिहा. घरी बसतानाही झोप उडणं, सगळं खोटं-खोटं वाटणं, जुनी दृश्यं थांबता न थांबणं असं सुरू झालं तर 'शुद्धी चालू आहे' म्हणून रेटू नका. डोळे उघडा, चाला, कोणाशी तरी बोला, वेळ पाच मिनिटांवर आणा. तेवढ्याने ओसरलं नाही तर बैठक बंद करून डॉक्टर गाठा. अशा त्रासांची नोंद संशोधकांनीही पद्धतशीर केली आहे, हे मनाचे खेळ नव्हेत.

पोथी_उघडी
+१. पतंजलींनीही विघ्नांच्या नऊ नावांत पहिलं नाव 'व्याधी' घेतलंय. त्याच यादीत 'भ्रान्तिदर्शन' आहे, म्हणजे नाही ते दिसणं आणि ते खरं मानणं. धाग्याचा विषय तोच.

कोरापाट
सगळ्यांचे आभार, वाचनखूण साठवली. पण मूळ प्रश्न पुन्हा विचारतो, कारण तो थोडा निसटलाय. रेघ मारली, शब्द बसला, त्रयस्थ होऊनही बघितलं. तरी जे राहिलं ते चुकीचं असू शकतंच ना?

मोजपट्टी
असू शकतं, आणि बऱ्याचदा असतं. दोन मानसशास्त्रज्ञ: डॅनियल काहनेमन अंतःप्रेरणेवर संशय घेणारे, गॅरी क्लाइन तिच्या बाजूचे. दोघांनी मिळून २००९ मध्ये लिहिलं, ते थोडक्यात असं: अंतःप्रेरणेवर भरवसा कधी ठेवावा? जेव्हा त्या क्षेत्रात काही नियमितपणा असतो आणि माणसाला चूक-बरोबरचा निकाल वारंवार, लवकर मिळालेला असतो. आतून किती खात्री वाटते याचा इथे उपयोग नाही.

तेव्हा भावाशी कसं बोलावं याबद्दल आतून आलेल्यावर बराच भरवसा ठेवता येईल, कारण त्या माणसाचे हजार निकाल आपल्याकडे साठलेत. शेअर बाजार पुढच्या वर्षी कुठे जाईल याबद्दल ध्यानात कितीही लख्ख दिसलं तरी ते फक्त लख्ख आहे.

तळमजला
भीतीबद्दल थोडं. ती घाई करते ('आजच सांगून टाक'), 'नेहमी' आणि 'कधीच' हे शब्द वापरते, आणि तिच्यात प्रेक्षक असतात, म्हणजे कोण काय म्हणेल त्यांचे चेहरे दिसतात. हौस, म्हणजे जे आधीपासून हवंच होतं ते, वेगळी. ती शांत असते, म्हणूनच फसवते. तिला ओळखायला एकच युक्ती: किंमत विचारा. 'यात काय गमवावं लागेल?' म्हटल्यावर हौस विषय बदलते किंवा किंमत फारच स्वस्त सांगते.

शंकेखोर
ग्रॅहम वॉलस यांनी १९२६ मध्ये सर्जनशील विचाराच्या चार पायऱ्या सांगितल्या: तयारी, मुरवण, स्फुरण, पडताळा. मौन-चिंतनवाले मधल्या दोनांवरच भाळतात. फ्रेंच गणितज्ञ प्वांकारेंना बसच्या पायरीवर पाय ठेवताना गणितातली ती प्रसिद्ध कल्पना सुचली हे सगळे सांगतात. त्याआधी त्यांनी त्या विषयावर खूप घाम गाळला होता आणि घरी परतल्यावर पडताळणी केली, हे कोणी सांगत नाही. कोरापाट, उत्तर हेच. आतून आलेलं ते अनुमान धरा, निकाल नव्हे. त्यातला परत फिरवता येईल असा सगळ्यात लहान तुकडा करून बघा. राजीनामा नको, आधी आठ दिवसांची रजा टाका.

मुद्द्याचं_बोला
आणि तुकडा करून बघण्याआधी तीन सकाळी जाऊ द्या. रात्री अकराला आलेलं आणि सकाळी सातला वाचलेलं यांत फार अंतर पडतं. तिन्ही सकाळी डावीकडचं अर्धं वाक्य तसंच उभं राहिलं तर पुढे.

शंकेखोर
म्हणजे शेवटी आपण दोघं एकाच पानावर लिहितोय. नोंद घ्यावी.

कोरापाट
ठीक. उद्यापासून सुरू. कागदावर लिहिलेली ओळ इथेच टाकतो, तपासा: 'भावाला या महिन्यात फोन करून जुन्या व्यवहाराची चूक मान्य करावी का?'

मुद्द्याचं_बोला
यात दोन प्रश्न आहेत. फोन करायचा का, आणि चूक होती का. वेगवेगळ्या कागदांवर घ्या. दुसरा आधी.